कव्हरचे चार दिवे

या ना, आत या. वरच्या मजल्यावर राहायला आलात आणि पहिल्याच संध्याकाळी फ्यूज उडाला, म्हणजे घरानं तुमचं स्वागत झकास केलं म्हणायचं. फोन लावा चार्जिंगला. स्वयंपाकघरात लावा, टीव्हीमागे लावा. फक्त त्या आरामखुर्चीजवळच्या सॉकेटला हात लावू नका. नाही, बिघडलेला नाही तो. बाबांची वेळ व्हायला आलीय, एवढंच.

तुम्ही त्या सॉकेटकडे पुन्हा पाहिलंत. बसा, सांगते. तुमचा फोन भरेपर्यंत दुसरं करणार तरी काय?

संशय हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकान जळालं म्हणून माणूस रडत येतो, आणि मी विचारते, आगीच्या आधी चांगला माल कुठे हलवलात? इतकी वर्षं हेच केल्यावर घरी दूध उतू गेलं, तरी मी आधी सगळ्यांचे चेहरे बघते. बाबा मला 'इन्स्पेक्टरबाई' म्हणतात ते उगाच नाही.

बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. त्यांचा सारा जन्म इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. ग्रीसचा वास अंगात असा मुरलेला, की आई असताना ती त्यांचे शर्ट वेगळे भिजवायची. त्यांचं एकच तत्त्वज्ञान. 'चालत्या मशीनला हात लावायचा नाही. का चालतंय ते कळत नसेल, तर अजिबातच नाही.' मी हसायचे. माझी तर रोजीरोटीच का चालतंय ते शोधण्यावर.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. छातीत डावीकडे, कातडीखाली, पेसमेकर बसवला. 'मला आता मोटर लागली,' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. घरात आम्ही दोघंच. ते फिरायला गेले, की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

गेल्या हिवाळ्यात एकदा दिवेलागण झाली तरी ते परतले नाहीत. फोन बंद. मी धावत निघाले. बागेच्या टोकाच्या बाकावर ते बसलेले दिसले. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर.

"फोनची बॅटरी संपली गं," ते म्हणाले. आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

"आधी दवाखान्यात चला."

"काही नको. जरा बसलो होतो."

कसंबसं त्यांना चालवत आणलं. कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे स्टुलावर बसवलं आणि त्यांचा फोन दुकानदारापुढे ठेवला. माझं सगळं लक्ष फोनवर. पुन्हा असं व्हायला नको, एवढंच डोक्यात. दुकानदारानं बराच वेळ एक खोका उपसला आणि एक जाडजूड काळं कव्हर काढलं. या कव्हरमध्येच बॅटरी असते. फोन आत बसवायचा, फोनची संपत आली की कव्हर त्याला पुरवतं. पाठीवर एक बटण, शेजारी चार बारीक हिरवे दिवे. बटण दाबलं की किती शिल्लक आहे ते कळतं.

"एकच आहे," तो म्हणाला. "कुणाचं तरी वापरलेलं आहे. पण चालतंय."

बाबांनी फोन कव्हरात बसवून शर्टाच्या डाव्या खिशात टाकला. घरी येईपर्यंत त्यांच्या गालांवर रंग आला. पायऱ्यासुद्धा माझ्याआधी चढले. मी म्हटलं, विश्रांती मिळाली, बरं वाटलं असेल.

त्या दिवसापासून बाबांना खेळणंच मिळालं. ते दिव्यांना 'मजले' म्हणायचे. रोज संध्याकाळी विचारायचे, "इन्स्पेक्टरबाई, लिफ्ट कितव्या मजल्यावर?" मी बटण दाबून सांगायचे, पहिल्या, किंवा तळाला. मग त्या आरामखुर्चीत बसून कव्हर चार्जिंगला लावायचं, खिशातच ठेवून, वायर शर्टातून बाहेर काढून. छातीजवळ फोन ठेवू नका असं दवाखान्यात बजावलं होतं. मी ओरडले की ते उजव्या खिशात ठेवायचे आणि माझी पाठ वळली की पुन्हा डाव्या.

आणि मग माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाबा फोनवर बोलतात किती? माझ्याशी दोन शब्द, त्यांच्या जुन्या मित्राशी चार. फोन कायम भरलेला असायचा. कव्हर मात्र रोज संध्याकाळी रिकामं. फोनला लागत नाही, तर मग जातं कुठे? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी दावा तपासावा तशी तपासणी सुरू केली. एकदा फोन बंद करूनच कव्हरात घातला आणि त्यांच्या खिशात ठेवला. संध्याकाळी चारही दिवे गेलेले. दुसऱ्यांदा कव्हर कपाटात ठेवलं आणि त्यांना सांगितलं, सापडत नाही. संध्याकाळी काढलं तर चारही दिवे लख्ख. पण त्या दुपारी बाबा खिडकीशी बसून राहिले. जेवले नाहीत. माझ्या आईचं नाव घेऊन मला हाक मारली. हात धरला तर थंडगार. कव्हर परत खिशात गेलं आणि गॅसवरचं पाणी गरम होईपर्यंत ते उठून चहा मागायला लागले.

तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हटलं, याला चटक म्हणतात. दारुड्याची बाटली काढून घेतली की तोही असाच बसतो. ते काळं ढेकूळ माझ्या बापाच्या छातीला चिकटून बसलंय आणि त्यांना शोषतंय, असं मला वाटायला लागलं. त्यात तो आवाज. एकदा त्यांच्या शर्टाचं बटण लावताना माझा कान खिशाजवळ गेला. आत घरघर होती. अगदी हलकी, दूरच्या इमारतीत लिफ्ट चालू असावी तशी. आणि वास... ग्रीसचा. बाबांनी मशीनरूम सोडून कितीतरी वर्षं झाली होती.

"बाबा, यातून आवाज येतोय."

"मग येऊ दे की. चालतंय म्हणून येतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. "हात नको लावूस गं... चालतंय ना?"

ते घाबरले होते. आणि समोरचा घाबरला की मी धंद्याच्या सवयीनं एकच निष्कर्ष काढते. काहीतरी लपवतोय.

पेसमेकरची तपासणी त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती. मी सकाळची वेळ घेतली. ते आंघोळीला गेले तेव्हा फोनपासून कव्हर सोडवलं आणि पिशवीत टाकलं. दवाखाना पुढच्याच चौकात, वाटेवर तेच दुकान लागतं. बाबांना गाडीत बसवून मी उतरले आणि कव्हर दुकानदाराच्या टेबलावर आपटलं.

"हे नको आम्हाला. मोडीत टाका."

त्यानं ते न बघताच खोक्यात सारलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं मला. खरं सांगते, मी गाडीत बसताना गुणगुणत होते.

बाबा खिसा चाचपत होते. "माझं कव्हर?"

"दुरुस्तीला दिलं."

त्यांनी खिशावरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं फक्त. मग डोकं मागे टेकलं.

दवाखान्यात तपासणारी तरुण बाई हसतमुख होती. तिनं त्यांच्या छातीवर यंत्राची चपटी चकती ठेवली आणि पडद्याकडे पाहिलं. चकती सरकवली. पुन्हा पाहिलं. दुसरं यंत्र आणवलं. तिचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

"याआधी कुठे दाखवलं होतंत?" तिनं विचारलं.

"कुठेच नाही. का?"

"पेसमेकर बंद आहे. त्याची बॅटरी संपलीय."

"आत्ता?"

"नाही... हिवाळ्यात." तिनं आवाज खाली आणला. "पण हे शक्य नाही. यांचं हृदय स्वतःहून ठोके देत नाही. इतके महिने हे... हे चालत कसे होते?"

मी बाबांकडे वळले. ओठ निळे. बाकावरच्या त्या संध्याकाळी होते तसेच. बाईनं घंटी दाबली, माणसं धावत आली, कोणी मला बाजूला सारलं. कोणीतरी म्हणालं, ठोके मंदावताहेत. त्याच क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. कव्हर त्यांना शोषत नव्हतं. पुरवत होतं.

मी धावले. चपला कुठे राहिल्या ते आजही माहीत नाही. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी खोकाच उलटा केला. वायरी, काचा, मोडके फोन, सगळं जमिनीवर. आणि तळाशी ते काळं कव्हर. बटण दाबलं. एक दिवा.

दुकानदार माझ्याकडे टक लावून बघत होता. "यात असं आहे तरी काय, ताई?" तो म्हणाला. "आधीच्या बाईसुद्धा अशाच आल्या होत्या. सकाळी नको म्हणून टाकून गेल्या, आणि दुपारी अनवाणी धावत परत. हाच खोका असाच उलटा केला. पण तेव्हा ते सापडलं नाही."

"मग?"

"काय माहीत. त्या गेल्यावर बघतो तर वरच होतं."

मी ऐकायला थांबले नाही. दवाखान्यात माणसांच्या हातांखालून कव्हर बाबांच्या छातीवर दाबलं. मला ओढलं त्यांनी, शिव्यासुद्धा दिल्या असतील. मी सोडलं नाही. तळहाताखाली ती घरघर सुरू झाली, आधी अडखळत, मग एका लयीत. बाबांनी डोळे उघडले.

"इन्स्पेक्टरबाई," ते पुटपुटले, "चालत्या मशीनला हात लावू नये... सांगितलं होतं ना?"

त्याच दिवशी नवा पेसमेकर बसवला. मी देवाचे आभार मानले, कव्हर कपाटात टाकलं आणि कानाला खडा लावला. आता त्याची गरज नव्हती, नाही का? पण घरी आल्यावर बाबा पुन्हा राखेसारखे झाले. मी मुकाट्यानं कव्हर काढून त्यांच्या खिशात ठेवलं. पुढच्या तपासणीला ती बाई चक्रावली. म्हणाली, नव्या बॅटरीतून काहीच खर्च झालेलं नाही. जशी बसवली तशी आहे. जणू हिला काही काम करावंच लागलेलं नाही. मी मान डोलावली. सांगणार काय? बाजारातली इतर कव्हरंही आणून पाहिली. त्यांचे दिवे तसेच जळत राहतात, बाबा मात्र विझत जातात.

म्हणून तो सॉकेट. रोज दिवेलागणीला.

एकच गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. कुठलीही बॅटरी जुनी होते. महिनाभरापासून चौथा दिवा लागतच नाही. रात्रभर लावून ठेवलं तरी नाही. आणि आज सकाळपासून तिसराही मिणमिणतोय. मी त्यांना खोटं सांगते. सगळ्या जगाचं खोटं पकडणारी मी, रोज चार्जिंग झाल्यावर बापाच्या खिशाला हात लावून म्हणते, "चौथ्या मजल्यावर, बाबा."

काल ते हसले. माझा हात हातात घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला. घरघर होतीच, पण तिचा सूर मला वेगळा वाटला, किंचित जड.

"जन्मभर लिफ्टचा आवाज ऐकलाय मी," बाबा म्हणाले. "वर जाणारीचा वेगळा असतो, बाळा. हा खाली येणारीचा आहे."

उठले वाटतं. हो बाबा, आले... पाहुणे आलेत. तुम्ही बसा हो, तुमचा फोन भरू द्या. आणि जरा वेळ बोलू नका. तुम्हाला ती घरघर ऐकू येतेय का... की मलाच येतेय?