तांबेऱ्याचे सात ठिपके

सकाळी सव्वाअकराला तपासनिसाने बोट जिभेला लावलं आणि वाळकं पान चिकटवलेला कागद पुस्तकासारखा उलटला.

"इथे कागद उलटत नाहीत. दोन्ही हातांनी उचलून ठेवतात," वनस्पतिसंग्रहाची प्रमुख म्हणाली. "आणि थुंकी तर मुळीच लावत नाहीत."

"घरी शिकवून पोट भरलं नाही वाटतं."

पूर्वी तो तिचा नवरा होता. आता संस्थेने त्यालाच तिच्या विभागातले नमुने नोंदींशी ताडायला पाठवलं होतं. तिची हरकत वरिष्ठांनी कानाआड केली होती.

पान सत्तर वर्षांपूर्वीचं, कागदाला डिंकाने चिकटवलेलं. त्यावर तांबेऱ्याचे सात ठिपके. बुरशी कधीच मेलेली. त्याच्या ओल्या बोटाला तांबूस भुकटी लागली. त्याने ती पँटला पुसली.

दुपारी त्याने तोच कागद तिच्यापुढे सरकवला. पान स्वच्छ होतं.

"नोंदीत सात ठिपके, इथे एकही नाही. खरा नमुना कुणाला विकलास?"

"सकाळी तुम्ही पाहिलेत की."

"मी काय पाहिलं ते मी लिहीन. उद्या समितीपुढे बघू, नोकरी कशी टिकते ते."

तिने पान भिंगाखाली धरलं. डिंक जुनाच, तडकलेला. एका कडेची कीड लागल्याची खूणही तीच. पान बदललेलं नव्हतं. तिने देठ हलकेच दाबला. तो मोडायला हवा होता. तो ताज्या देठासारखा वाकला.

तपासनीस अहवालावर सही करत होता. त्याच्या नखाच्या कडेला तांबूस पुळी होती.

"हात दाखवा."

"एकदा हातात दिला होता, तेवढा पुरे."

"हा तांबेरा आहे. आधी डॉक्टरांना दाखवा, मग समितीला. माझ्यावरचा आळ तेवढ्यानेच जाईल."

"तांबेरा पानाला होतो, माणसाला नाही. तूच सांगायचीस." तो हसला.

हसताना जिभेवरचे तांबूस ठिपके दिसले. तिने नकळत मोजले.

सात.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. त्याचा अहवाल टेबलावर होता, खुर्ची रिकामी. तो आल्याशिवाय आरोप मागे घेता येणार नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. तिने त्याच्या घरी फोन लावला.

"आता कशाला हवाय तुला तो?" त्याच्या आईने विचारलं. मग तिचा आवाज उतरला.

"सकाळपासून खिडकीत उभा आहे गं. हाक मारली तरी बघत नाही. ऊन सरकेल तसं फक्त तोंड फिरवतोय."