पाय थांबले तेव्हा

मोबाईलवर कानोसा वाजला तसा हेमांगीने चहाचा कप टेबलावरून उचलून हातात धरला. मिनिटभराने जमीन हलली, खोलीचं पत्र्याचं छत खडखडलं आणि गप्प झालं. तिने कप खाली ठेवला. महिनाभरात कच्छच्या या छोट्या रणात सगळ्यांना ही सवय लागली होती. इथे रोज एक-दोन लहान धक्के बसत, आणि धक्क्याआधी मिनिट-दीड मिनिट यंत्र सांगे, चहा सांभाळा.

हेमांगी सपकाळ कोयनेकाठची, कानोशाच्या चाचणीसाठी इथे आलेली. तिकडे तीनच्या खालच्या धक्क्याला कोणी कूससुद्धा बदलत नाही. पण धक्का येण्याआधी कळणं ही कोयनेतही कोणी न पाहिलेली गोष्ट होती. कानोसा म्हणजे जमिनीत हातभर खोल पुरलेली चार किलोमीटरची काचतंतूची तार. तिच्यातून सतत प्रकाश सोडलेला असे. जमीन केसभर जरी हलली तरी काच ताणली जाई, प्रकाश किंचित बिघडे आणि संगणक त्यावरून शिकत जाई. दिवसा घेतलेल्या चाचणीत तीस धक्क्यांपैकी अठ्ठावीस त्याने आधी सांगितले होते. पुण्यातले प्रकल्पप्रमुख डॉ. बोडस तर पेढे वाटून मोकळे झाले होते. पुढच्या महिन्यात अशी तार देशभर टाकायची होती.

हेमांगीच्या मनात मात्र एक कुसळ रुतून बसलं होतं. जमीन फुटण्याआधी करकरते म्हणावं, तर त्या करकरीचा नोंदींत मागमूस नव्हता. मग यंत्राला कळतं तरी कशावरून?

तीन दिवस खपून तिने ते शोधलं आणि तिला कपाळावर हात मारावासा वाटला. खणायला सोपं म्हणून तार मिठागरांच्या बांधांलगत पुरली होती. वाफ्यांत मीठ पिकवणाऱ्या अगरिया बाया दिवसभर दंताळं ओढत अनवाणी चालत. त्यांची पावलं तारेला ऐकू येत. धक्क्याआधी ती पावलं थांबत, सगळ्यांची, जागच्या जागी. यंत्र जमीन ऐकत नव्हतंच. ते बायांचे पाय ऐकत होतं.

ती तडक वाफ्यावर गेली. जीवीबेन या सतरा बायांमधली सर्वांत मोठी, साठीची.

"जीवीबेन, धक्क्याच्या आधी तुम्ही थांबता कशाला?"

"मोबाईल वाजतो म्हणून," जीवीबेन म्हणाली. "तूच सांगितलंस ना, वाजला की थांबा."

"पण तुम्ही वाजण्याच्या आधी थांबता. अकरा सेकंद आधी."

"आम्ही? छे गं बेन." ती हसली. "आमच्या पायांना काय कळणार? मीठ तुडवून अगरियाचे पाय इतके कडक होतात की चितेवरसुद्धा जळत नाहीत. काटा रुतला तरी संध्याकाळी कळतं."

हेमांगीने सगळ्यांचे मोबाईल बंद करून आपल्या पिशवीत टाकले. "आता काही झालं तरी चालत राहायचं," तिने बजावलं. बायांना गंमतच वाटली. तासभर दंताळी खरखरत राहिली. मग जीवीबेनचं एक पाऊल उचललेलं तसंच राहिलं. मागच्या सोळाजणीही थांबल्या.

"का थांबलात?" हेमांगी ओरडली.

जीवीबेनने गोंधळून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "थांबले का मी?"

आणि जमीन हलली.

त्या दिवसापासून हेमांगीला धड जेवण जाईना. डॉ. बोडसांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, योगायोग असेल. पावलांच्या नोंदी गाळून पुन्हा चालवून बघ." तिने चालवलं. पावलं गाळली की कानोसा ठार बहिरा.

पुढच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला संगणकाचा पडदा लाल झाला. लाल म्हणजे मोठा धक्का, सहाच्या वरचा. पलीकडच्या खारीवाव गावातली चाळीस हजार माणसं घराबाहेर काढावी लागतील, आणि सूचना पाठवायचं बटण हेमांगीच्या हातात होतं. तिने नोंदी पाहिल्या. सगळी पावलं चाळीस मिनिटांपूर्वी एकदम थांबली होती, आणि अजून सुरू झाली नव्हती.

"घाई करू नकोस," फोनवर डॉ. बोडस म्हणाले. "जानेवारीत काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. तेव्हाही पडदा असाच लाल झाला होता. रणात कोणी वारलं की बातमी पोचेल तिथेच दंताळं टाकायचं आणि त्या दिवशी पुन्हा मिठात पाय घालायचा नाही, अशी इथली रीत. तेव्हाचं कारण आता कळत होतं: एक म्हातारा गेला होता, बाया थांबल्या होत्या आणि यंत्राला वाटलं प्रलय आला. नशीब, तेव्हा सूचना गेली नव्हती.

"आज खोटी सूचना गेली तर उद्या खरीवर कोणी घराबाहेर पडणार नाही," बोडस म्हणाले. "आधी कोण गेलंय ते विचार."

हेमांगी धावत सुटली. सतराही बाया बांधावर ओळीने बसल्या होत्या. दंताळी वाफ्यांत जिथल्या तिथे पडली होती. दिवसभर मीठ ओढलं नाही तर त्याची लादी होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तरी कोणी उठत नव्हतं. कोणाचेच डोळे ओले नव्हते.

"जीवीबेन, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. आम्ही पण एकमेकींना तेच विचारतोय." जीवीबेन म्हणाली. "मिठात पाय टाकवत नाही गं बेन."

हेमांगीने बूट काढले आणि वाफ्यात उतरली. पाणी गार होतं. मिठाचे खडे टोचत होते. याखेरीज तिला काहीही कळलं नाही. जन्मभर हलत्या जमिनीवर झोपलेल्या पायांना काय कळणार? तिला स्वतःचाच राग आला.

तिने मोबाईल काढून सूचनेचा अर्ज उघडला. त्यात एक रकाना भरल्याशिवाय बटण चालत नसे: सूचनेचा आधार. बोडसांचा फोन पुन्हा वाजू लागला होता. तो तिने कापला आणि रकान्यात लिहिलं, 'जीवीबेन आणि इतर सोळाजणींचे पाय.' मग बटण दाबलं.

थोड्या वेळाने लांबून, खारीवावच्या बाजूने, भोंगा ऐकू आला. हेमांगी वाफ्यातून वर येऊन बायांच्या ओळीत बसली. जीवीबेनने तिचे ओले पाय आपल्या ओढणीने पुसले.

"बेन," तिने हळूच विचारलं, "लहान धक्क्याला आम्ही मिनिटभर थांबायचो. आता तासभर झाला. मग हा केवढा?"