फौजदाराच्या टाकीतले दगड

शोभेच्या माशांच्या त्या दुकानात ती शिरली, ती नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून. आणि पाहते तो काय... दुकानदार मासा विकायलाच तयार नाही!

"देणार नाही," बिस्किट खाता खाता तो म्हणाला. "आधी सांगा, टाकीत कोण कोण आहे?"

"पाच सिक्लिड मासे. त्यातला निळा सगळ्यांवर दादागिरी करतो. बाबा त्याला फौजदार म्हणतात. तळ साफ करायला म्हणून दोन छोटे मासे सोडले होते..."

"किती दिवस टिकले?"

"चार."

त्याचा चेहरा असा पडला, जणू त्याच्याच घरातलं कोणी गेलं. "तळाचा मासा म्हणजे केरसुणी नव्हे, डॉक्टर," तिच्या पांढऱ्या कोटाकडे बघत तो म्हणाला. "त्याला तुमचं पाणी मानवलं पाहिजे. कोणाच्या अध्यातमध्यात पडता कामा नये. पण कोणी अंगावर आलं, तर दबताही कामा नये."

तिला हसूच आलं. गेली सहा वर्षं ती नेमकं असंच कोणीतरी शोधत होती. टाकीसाठी नव्हे, घरासाठी. खाली तिचा दातांचा दवाखाना, वर घर, आणि घरात ती आणि बाबा. दोन स्थळं आली होती. पहिल्याला बाबांनी पहिल्याच चहात पिटाळलं. दुसऱ्याला ती हवी होती, बाबा नको होते; त्याला तिनेच दार दाखवलं.

"बरं, डावी दाढ कधीपासून दुखतेय?" तिने विचारलं.

"कोणाची? माझी? छे!"

"मग बिस्किट उजव्याच गालात का?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. माशांना न घाबरणारा हा माणूस दातांच्या डॉक्टरांना मात्र भलताच घाबरत होता.

त्यानंतर महिनाभरात ती पाच वेळा दुकानात गेली. दर खेपेला नवा प्रश्न. पाण्याबद्दलचा, वाळूबद्दलचा, शेवटी तर चक्क माशांच्या झोपेबद्दलचा. उत्तरं तो मन लावून द्यायचा आणि ती त्याचे डोळेच बघत बसायची. शेवटी ठरलं. मासा घेऊन तो रविवारी घरी येणार, आणि बदल्यात दाढ दाखवणार.

रविवारी तो आला. हातातल्या पिशवीत पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला, लांब मिशांचा मासा. बाबा टाकीशेजारच्या आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले. समोर आईची खुर्ची. आई गेली त्या वर्षी बाबांनी ही टाकी मांडली होती. तेव्हापासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

"तिथे बसू नका," बाबा म्हणाले.

तो सरळ फरशीवर मांडी घालून बसला आणि टाकीत डोकावला. "काका, मासा सोडायच्या आधी दगड हलवावे लागतील."

"सात वर्षं ते तिथेच आहेत. मी माझ्या हातांनी रचलेत."

"म्हणून तर. सगळे दगड हलवले, की फौजदारालाही घर नवं वाटेल. सगळेच नवे, मग भांडायचं कशावरून?"

"माझ्या टाकीतला एकही दगड हलणार नाही!"

तिचा जीव टांगणीला लागला. पण तो चिडला नाही, ओशाळलाही नाही. पिशवी उचलून उभा राहिला. "मग मासा नाही देता येणार, काका. आणि फौजदार वाईट नाही हो. आपली जागा जाईल म्हणून घाबरतो, एवढंच."

तो गेला. मासा गेला, दाढही न दाखवता गेली. तिसराही गेला, या विचाराने तिला रडूच कोसळलं. यावेळी तिला तो खरंच हवा होता. दोन दिवस तिने बाबांशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेरच्या खोलीत आली, तर बाबा कोपरापर्यंत ओले! टाकीतले सगळे दगड इकडचे तिकडे. आणि टाकीतलेच नव्हे... वेताची खुर्ची खिडकीपाशी गेली होती, आणि आईची खुर्ची पुसून, उशी घालून टाकीजवळ.

"बाबा... हे काय?"

"आता मी कुठे बसायचं, माझं मलाच कळत नाहीये," बाबा पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "त्याला बोलाव. मासा घेऊन ये म्हणावं. नाही आणला तरी चालेल."

तो तासाभरात आला. बाबांनी त्याला आईच्या खुर्चीवर बसवलं आणि मासा स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडला. मग ती त्याला खाली दवाखान्यात घेऊन गेली.

"आ करा. मान अजिबात हलवायची नाही."

त्याने डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं. तिने छोटा आरसा दाढेपाशी नेला.

"ऐका... बाबा हे घर सोडणार नाहीत. त्यांना सोडून मीही जाणार नाही. आणि मला तुम्ही आवडता. खूप आवडता. तुम्ही... इथे राहायला याल?"

त्याने डोळे उघडले. आणि जोरजोरात मान हलवली. खालीवर, चांगली तीन वेळा.

"अहो! हलवू नका म्हटलं होतं ना!"

"मग करू काय?" आरसा तोंडातून बाहेर निघताच तो म्हणाला. "दुसरं काही हलवण्यासारखं ठेवलंयत कुठे?"

ती हसत सुटली. तेवढ्यात वरून बाबांची हाक आली, "अगं ए, फौजदाराने नव्या माशाभोवती एक चक्कर मारली... आणि गेला आपल्या वाटेने! या दोघं, बघायला या!"