ठेंगूचे चार

दिवा राहू दे तसाच, मोठा करू नका. आणि ड्रमवाल्या, तो मोबाइल खिशात घाल. दोन तास तुमची तालीम ऐकून माझे कान किटलेत, आता जरा माझं ऐका. यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. निम्मं त्याने माझ्या दुकानात बसून सांगितलं, आणि तो थापाड्या नव्हता.

सॅक्सोफोनवाला होता तो. आम्ही मास्तर म्हणायचो. अठराव्या वर्षी हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये लागला, तो केस पिकेपर्यंत लोकांना नाचवत राहिला. जोडीला ट्रम्पेटवर ठेंगू. दोघं सख्खे भाऊ वाटायचे. त्यांचा एक खेळ असायचा. ही पोरगी तुमच्यात नवीन आहे, म्हणून सांगतो. चार बार तू वाजव, चार बार मी. बार म्हणजे प्यायचे नव्हेत, दात काढू नका! एक-दोन-तीन-चार असं चारदा मोजायचं, तेवढा वेळ तुझा. मग तू गप्प, पुढचे चार माझे. छप्पर कोसळलं तरी दुसऱ्याच्या चारांत फुंकायचं नाही. हे दोघं खेळायला लागले की वेटर ट्रे हातात घेऊन तसेच उभे राहायचे.

पन्नाशी उलटल्यावर त्यांची एकुलती एक रेकॉर्ड निघाली. ठेंगू तेव्हा खोकत होता, एक-दोन सूर फाटले. रेकॉर्डवाला मास्तरला म्हणाला, "याचं काढून टाकू, त्याचे चारही तुम्हीच भरा." मास्तर हो म्हणाला. ठेंगूला विचारलंसुद्धा नाही. ठेंगूने घरी रेकॉर्ड ऐकली आणि एवढंच म्हणाला, "छान झालंय." तीन महिन्यांत गेला बिचारा. मास्तरचं मात्र नाव झालं, लांबलांबून बोलावणी यायला लागली. पण मन खायचं त्याला.

मग एक दिवस वहिनींचा, म्हणजे ठेंगूच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, मी लेकीकडे राहायला आलेय. उद्या घरमालकाला किल्ली द्यायचीय आणि ह्यांचा ट्रम्पेट मागच्या खोलीतच राहिलाय. तेवढा घेऊन जाल? किल्ली शेजारी ठेवलीय."

सतरा ऑक्टोबर, गुरुवार. तालमीवरून परतताना तो तिथे पोचला तेव्हा रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्याचा सॅक्सोफोन खांद्यालाच होता. घर रिकामं, वीज तोडलेली. मागच्या खोलीत एक लोखंडी खाट, खाटेवर ट्रम्पेटची पेटी. मोबाइलच्या उजेडात त्याने पेटी उघडून पाहिली. ट्रम्पेट होता. पेटी बंद करून कड्या लावल्या.

सरळ निघायचं की नाही! पण त्याला भरून आलं. खाटेवर बसला, सॅक्सोफोन काढला आणि त्या रेकॉर्डमधले आपले चार बार वाजवले. अगदी हळू. मग थांबला. सवयीने. पुढचे चार ठेंगूचे ना...

पेटीतून आवाज आला.

बंद पेटीतून. दबका. चार बार. त्यातला एक सूर फाटका.

मास्तरला उठता येईना. त्याची पाळी आली होती. बोटं आपोआप फिरली. चार ह्याचे. चार पेटीतले. परत... परत... मोबाइल विझला. अंधार. किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. शेवटी कसाबसा सॅक्सोफोन तोंडातून ओढून काढला आणि ओरडला, "चुकलो रे ठेंगू! तुझे मी घेतले. माफ कर मला!"

पेटी गप्प.

तो वाट बघत बसला. काही नाही... काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत मास्तरने चार बार वाजवले आणि आवाज बंद पडला. चार बार मुका. मग परत आवाज. सॅक्सोफोन माझ्याकडे आला. मी उभं आयुष्य वाद्यं दुरुस्त करतोय. एकूणएक झाकण तपासलं, स्वतः फुंकून पाहिला. ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंही ठणठणीत. पण तो वाजवायला लागला की चार बार सूर, आणि मग... गाल फुगलेले, मानेच्या शिरा तट्ट, डोळ्यांतून पाणी. आवाज नाही. मी समोर बसून मोजायचो. बरोब्बर चार. वहिनी येऊन म्हणाल्या, "ह्यांनी तुम्हाला कधीच माफ केलं होतं हो, भाऊजी." त्यानेही काही फरक पडला नाही. कार्यक्रम सुटले. दुसरं काही त्याला येत नव्हतं रे, आणि मला नुसतं बघत बसावं लागलं. फार वाईट दिवस होते ते.

अकरा महिन्यांनी सकाळी साडेसहाला त्याच्या शेजारणीचा फोन आला. "रात्री साडेतीनपर्यंत वाजवत होते. काय सुंदर! मध्ये एकदाही थांबले नाहीत. आता दार उघडत नाहीयेत..."

दार मी तोडलं. खुर्चीत होता. गार. सॅक्सोफोन मांडीवर.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या ओठांवर गोल वळ उठतो, धातू दाबून दाबून. सॅक्सोफोनचा तसा उठत नाही. आणि मास्तरने जन्मात ट्रम्पेट तोंडाला लावला नव्हता. ठेंगूचा ट्रम्पेट त्याने, पेटी वाजली त्याच आठवड्यात, माझ्याकडे आणून टाकला होता. माझ्या दुकानात. कपाटात. कुलपात.

मास्तरच्या ओठांवर वळ होता. गोल. लाल. ताजा.

मी अंगठ्याने पुसून पाहिला...

गेला नाही.