राखणदाराला फूल कोण वाहतं?

भाईंनी टेपचं एक टोक सेलिनाच्या हातात दिलं आणि दुसरं ओढत ते भट्टीला वळसा घालून गेले. माप वहीत उतरवून झाल्यावर म्हणाले, "ही भट्टी पाडूची लागतली. हयसर स्विमिंग टँक येतलो."

आपल्याच घरातून आपल्याला काढण्यासाठी आपण टेप धरून उभ्या होतो, हे सेलिनाला तेव्हा कळलं. तिने टेप असा काही सोडला की तो सर्रकन जाऊन भाईंच्या बोटांवर बसला. तेवढंच समाधान.

सेलिनाची आई पिएदाद आचऱ्याजवळच्या त्या वाडीत पाव भाजून विकायची. नऊ वर्षांपूर्वी ते इथे राहायला आले तेव्हा अंगणातली ती भट्टी आजोबांनी, म्हणजे सिप्रियननी, चिरे आणि माती रचून स्वतःच्या हाताने बांधली होती. आजोबा आता नव्हते. घर भाड्याचं, आणि भाडं न्यायला भाई यायचे. मालक मुंबईला असतो, भलताच तापट आहे, त्याच्याशी कुणी थेट बोलायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता म्हणे या तापट मालकाने घर विकायला काढलं होतं. पाऊस लागायच्या आत जागा खाली करायची होती. बाबा कॉनरॅड बोटीवर नोकरीला, ते नाताळाशिवाय येणार नव्हते. आणि भट्टी काही पाठीवर मारून नेता येत नाही. म्हणजे पाव बंद, म्हापशाला मावशीकडे बिऱ्हाड आणि सेलिनाची शाळाही तिकडेच.

मालकाचं निदान नाव तरी सांगा, असं पिएदाद म्हणाली, तर भाईंनी माशी हाकलावी तसा हात हलवला.

संध्याकाळी शेजारच्या धनेशच्या पडवीत बैठक बसली. धनेश आठवीत गेलेला. त्याची मामेबहीण जानकी सुट्टीसाठी सावंतवाडीहून आली होती. ती सहावीतली, पण बोलायला लागली की कॉलेजातली वाटायची. मालकाला गाठून विनंती करायची तर आधी मालक कोण ते कळायला हवं, असं तिने जाहीर केलं आणि आत्याचा मोबाइल घेऊन जागेचा सातबाराच काढला. त्यावर एकच नाव होतं, बाबली. तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

टाळ्या जरा लवकर झाल्या. बाबली नावाचे ते गृहस्थ वारून वीस वर्षं झाली होती! दुकानदाराला विचारलं, पोस्टमनला विचारलं, देवळातल्या गुरवांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर ठरल्यासारखं एकच होतं, "बाबलीक झील नव्हतो. तेचा कोण नाय आता." मुलगा नाही, म्हणजे कुणीच नाही.

"म्हणजे आमचा घर मेल्ल्या माणसान इकूक काढल्यान?" सेलिना म्हणाली.

धनेशला हसू येणार होतं, पण तिचे भरलेले डोळे बघून त्याने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी जानकी अंगणाच्या कोपऱ्यात रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली उभी राहून काहीतरी न्याहाळत होती. तिथे एक काळा पाषाण होता. तो त्या जागेचा राखणदार. आपल्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, आणि ज्याची जागा त्याने त्याला फूल-नारळ द्यायचा असतो. या पाषाणावर जास्वंदीचं सुकलेलं फूल होतं. हे कोण वाहतं, असं तिने विचारलं. सेलिना म्हणाली, भाई वाहत असणार. पिएदादचीही तीच समजूत होती.

धनेशने भाईंना टपरीवर गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं. भाई मोठ्याने हसले. "मी कित्याक? तुमची ती पाववाली काकीच घालता मां फुला?"

नऊ वर्षं भाईंना वाटत होतं भाडेकरू फूल वाहतात, भाडेकरूंना वाटत होतं भाई वाहतात, आणि विचारायचे कष्ट दोघांपैकी कुणीही घेतले नव्हते. मोठ्या माणसांचं हे असंच असतं.

"मगे जो फूल घालता, तोच धनी," जानकी म्हणाली.

सेलिनाने डोकं खाजवलं. ताजं फूल कधी दिसतं? रविवारी, इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, मिसा ऐकून घरी आलं की!

रविवारी सेलिनाला घरी थांबता आलं नाही. पिएदादच्या राज्यात एक वेळ शाळा चुकली तर चालायची, मिसा नाही. धनेश आणि जानकी मात्र सकाळी सातपासून फणसावर चढून बसले होते आणि तिथले लाल डोंबळे, म्हणजे चावऱ्या मुंग्या, त्यांचा पाहुणचार करत होते. साडेआठच्या एसटीने एक म्हातारी उतरली. हातात कापडी पिशवी. ती तडक राखणदाराकडे गेली, घराकडे पाठ करून बसली. फूल वाहिलं, नारळ ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि उठली. घराकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

धनेशने उडी मारली. तो पडला, असं जानकीचं म्हणणं आहे.

म्हातारीचं नाव हौसाबाई. ती बाबलीची एकुलती एक लेक. लग्न होऊन धामापूरला गेलेली, म्हणून साऱ्या गावाने तिला हिशेबातूनच काढून टाकलं होतं. भाई तिचा चुलतभाचा. घराकडे बघायला तिने त्याला सांगितलं होतं. विक्रीतली दलाली मिळावी म्हणून, पाववाले आपणहून गोव्याला चालले आहेत, असं त्याने तिला कळवलं, म्हणून तिने वाईट वाटत असतानाही विक्रीला होकार दिला होता. जानकीने तिला सगळं खरं सांगितलं, तशी तिने पिशवी खाली ठेवली आणि सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तुम्ही कधी घरात का डोकावला नाहीत, असं धनेशने विचारलं.

"घर दुसऱ्याक दिला काय तेच्यात डोकावचा नाय, असा माजे बाबा सांगत," ती म्हणाली. "ती माणसां इगर्जीत जातत, तेवा मी येतंय. उगाच तेंका वाटाक नको, मालकीण बघूक इली म्हणान."

पण भाई असं करेल यावर तिचा विश्वास बसेना. जानकीने तिला पुढच्या रविवारी जरा लवकर यायला सांगितलं. त्याच दिवशी भाई गिऱ्हाईक आणणार होते.

पुढच्या रविवारी पिएदाद आणि सेलिना पहाटेच्या मिसाला जाऊन आल्या. हौसाबाई भट्टीच्या मागे पाटावर बसली. गाडी आली. गिऱ्हाईक मुंबईचं, पण मूळचं कुडाळचं. भाई घराची तारीफ करू लागले तोच धनेश नारळ घेऊन पुढे झाला आणि नम्रपणे म्हणाला, "भाईकाका, जागो दाखवच्या आदी राखणदाराक गाऱ्हाणा घालूक होया मां? धन्याचा नाव घेवन."

भाईंनी डोळे वटारले. पण गिऱ्हाईकाने चपला काढल्यासुद्धा. गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे राखणदाराला मोठ्याने साकडं घातल्याशिवाय, आपण जागेला हात लावणार नाही, म्हणालं.

भाईंनी नारळ घेतला. "हे बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" तिघं मुलं आणि गिऱ्हाईक एका सुरात ओरडले.

"आज ह्या तुज्या जाग्यार..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्याचो धनी..." भाई थांबले. कपाळावर घाम आला. माणसांशी ते नऊ वर्षं खोटं बोलत आले होते. आता खरं नाव घ्यावं तर सगळ्यांसमोर बिंग फुटणार, आणि राखणदाराच्या तोंडावर खोटं नाव घ्यायचं म्हणजे घरादारावर संकट ओढवून घ्यायचं! त्यांची जीभच वळेना. गिऱ्हाईक म्हणालं, घ्या की नाव.

भट्टीमागून आवाज आला, "अडाकलंस कित्याक? नाव घे माजा."

नारळ भाईंच्या हातातून सुटला. गिऱ्हाईकाने एकदा हौसाबाईकडे पाहिलं, एकदा भाईंकडे, मग राखणदाराला हात जोडले आणि चपला हातात घेऊनच गाडी गाठली.

हौसाबाईने नारळ उचलला आणि गाऱ्हाणं पुरं केलं. पाववालीची भट्टी पेटती ठेव, तिच्या घोवाची बोट सांभाळ, आणि माझ्या भाच्याला अक्कल दे, असं तिने मागितलं. त्यावर भाईसुद्धा खालच्या आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग तिने त्यांच्याकडून घराची दुसरी किल्ली मागून घेतली. घर विकायचं नाही आणि पुढच्याच आठवड्यात पिएदादच्या नावाने रीतसर भाडेकरार करायचा, हे तिथेच ठरलं. धनेशचे बाबा, पोस्टमन, गुरव, सगळे तोवर अंगणाच्या दगडी गडग्यापाशी जमले होते आणि आपल्या पोरांचं कौतुक करत होते.

"कौतुक करा," हौसाबाई त्यांना म्हणाली. "अख्ख्या गावाक बाबलीची लेक आठावली नाय. ह्या पोरांनी ती सोदून काडल्यानी."

सेलिनाने तिचा हात धरला आणि घराकडे नेलं. उंबऱ्याशी येऊन हौसाबाई थांबली.

"येव मां गो आत?" तिने पिएदादला विचारलं.

"आये, तुमचाच घर. इचारतास कित्याक?"

"भाड्यान दिल्ला घर तुजा," हौसाबाई म्हणाली. "तू ये म्हण, मगे येतंय."

पिएदादला रडू आवरेना. तिने डोळे पुसले, दाराच्या बाजूला झाली आणि म्हणाली, "येवा."

नऊ वर्षांनी हौसाबाई आपल्या वडिलांच्या घरात शिरली.