खांबावरचा शर्ट

माझ्या मावशीला खोटं बोलता येत नाही. पाहुणा जास्त वेळ टेकला, तर "आता निघा, मला कामं आहेत" असं तोंडावर सांगणारी बाई ती. त्यामुळे तिने हे सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. आजही हसू येत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कडाक्याची थंडी होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन आठ महिने झाले होते.

घर वस्तीपासून लांब. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात डुकरांची शेड, सगळ्याभोवती तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे नुसता माळ.

माळावर लांडगे.

काकांची एक पद्धत होती. दिवसभर घामाने भिजलेला शर्ट संध्याकाळी कुंपणाच्या खांबावर अडकवायचा. माणसाचा वास आला की लांडगा सहसा पुढे येत नाही. त्यातून काकांचा वास तर त्यांना पक्का ठाऊक. काकांनी अधू पाय ओढत, काठी घेऊन कितीदा तरी त्यांना माळाच्या टोकापर्यंत पिटाळलं होतं.

काका गेले त्या आठवड्यात माझी आई मावशीकडे होती. बहिणीला हातभार म्हणून तिने काकांचे झाडून सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, ट्रंकेत रचून ठेवले. करायला गेली एक आणि झालं भलतंच. मावशीच्या लक्षात येईपर्यंत एकच शर्ट वाचला होता. दारामागच्या खिळ्याला राहून गेलेला.

तो मावशीने तिथेच ठेवला. रोज रात्री दिवा मालवण्याआधी ती त्याच्या कॉलरला नाक लावायची. मग तिला झोप लागायची.

कुंपणावर ती स्वतःचा स्वेटर अडकवू लागली. काही महिने निभावलं. मग एका सकाळी तो माळावर सापडला, चावून चिंध्या केलेला.

आणि नेमकी तेव्हाच बाईसाहेब व्यायला झाली.

बाईसाहेब म्हणजे थोरली डुकरीण. काकांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. "मला जन्मात कधी बाईसाहेब म्हणाला नाहीत," मावशी त्यांना टोमणा मारायची. काका म्हणायचे, "ती उलट बोलत नाही ना!"

संध्याकाळी दूधवाला सांगून गेला.

"काकू, काल लांडग्यांनी माळापलीकडच्या घरची दोन डुकरं नेली. आज इकडे येणार बघा. काकांचं काही आहे का अडकवायला?"

"बघते," मावशी म्हणाली.

ती दारामागे कितीतरी वेळ उभी होती. एक रात्र दव आणि वारा खाल्ला की शर्टाचा वास जाणार, हे तिला कळत होतं. घरात काकांचं तेवढंच उरलं होतं. पण बाईसाहेब उद्या फाडलेली दिसली, तर ते तरी कसं बघायचं?

तिने शर्ट खांबावर चढवला. बाह्या सरळ खाली सोडल्या. आत येऊन दाराला कडी घातली आणि अंधारात खिडकीशी बसली.

वीत असलेल्या डुकरिणीजवळ उगाच जायचं नसतं. आवाजसुद्धा करायचा नसतो. बाईसाहेब तर फार बुजरी. बिचकली की स्वतःचीच पिल्लं अंगाखाली चिरडायची. वेत होताना तिला फक्त काका चालायचे.

माळावर एक लांडगा ओरडला. मग दुसरा... जवळून.

मग कुंपणाची तार वाजली.

आणि सगळं एकदम गप्प झालं. वारासुद्धा.

मग पावलं ऐकू आली...

सावकाश. एक पाय किंचित ओढत. कुंपणाच्या कडेकडेने, पूर्ण फेरी. काका रोज मारायचे तशी.

शेडचं फाटक करकरलं. आता बाईसाहेब किंचाळणार, म्हणून मावशीने डोळे मिटून घेतले.

पण बाईसाहेब किंचाळली नाही. ती हळूच गुरगुरली... लाडात. तसं ती एकाच माणसाशी गुरगुरायची.

पेंढा सळसळला. बादलीची कडी वाजली. कुणीतरी जिभेने "च् च् च्" केलं.

मावशी उठून दाराशी गेली. "अहो" एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात पहिलं पिल्लू केकाटलं आणि तिने पदर तोंडात कोंबला.

रात्रभर ती तशीच उभी होती, कडीवर हात ठेवून.

उजाडायच्या जरा आधी पावलं अंगणात आली.

पायरी चढली.

दारापाशी थांबली...

मधे फक्त एक फळी. पलीकडून कुणीतरी श्वास घेत होतं. दार ढकललं नाही, हाक मारली नाही. नुसतं थांबलं.

मावशीने कडी काढली नाही.

मग पावलं पायरी उतरून गेली.

उन्हं आल्यावर ती बाहेर पडली. कुंपणाबाहेर लांडग्यांचे ठसे होते, खांबापर्यंत आलेले, तिथून माघारी वळलेले. अंगणात कुणाचेच नव्हते. शेडमध्ये नऊ पिल्लं दूध पीत होती. खाली कोरडा पेंढा अंथरलेला. सगळ्यात अशक्त पिल्लू पुढच्या, जास्त दुधाच्या सडाला लावलेलं.

शर्ट खांबावरच होता. फक्त बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या.

तिने तो नाकाशी धरला. कसलाच वास नव्हता. घामाचा नाही, दवाचा नाही, कापडाचासुद्धा नाही.

मी मावशीला विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना. कडी पिल्लांसाठी काढली नाही की भीतीने, ते मलाच माहीत नाही." तिने दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "रात्रभर राबले रे ते. दारापर्यंत आले. आणि कडी आतून घातलेली. त्यांना काय वाटलं असेल?"

मी विषय बदलला.

गेल्या महिन्यात तिच्याकडे राहायला गेलो होतो. लांडगे अजून आहेत, दूधवाल्याने दोनदा बजावलं. रात्री मी दाराला कडी घालायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाली. "मी घालत नाही आता."

ती शांत झोपली. मी सकाळपर्यंत त्या कडी न घातलेल्या दाराकडे बघत बसलो होतो.