बुचाचा फ्लोट

"हा भोवरा आहे का हो?"

डहाणूत आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात येऊन कुणी असं विचारलं, तर मी हसू नको तर काय करू? समोर उंच, सावळा मुलगा. केसांत चिकूचं पान, तळहातावर एक तपकिरी गोळा.

"आजोबांच्या जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरमधून निघालाय. सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला. कुणी म्हणतं खेळणं, कुणी म्हणतं सुपारी..."

मी गोळा फिरवून पाहिला. मधोमध दोरीचं भोक! मी चिंचणीची, कोळ्यांच्या गावातली, मला हे ओळखू येणार नाही होय?

"हे मासळीच्या जाळ्याचं बूच. फ्लोट मिळेना म्हणून कुणा होडीवाल्या मिस्त्रीनं कोरून बसवलंय. हे पेट्रोलवर तरंगतं, पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करतं. आता पिऊन पिऊन जड झालंय. म्हणून तुमची गाडी गळते."

"गळते हे कसं कळलं?"

"तुमच्या शर्टाच्या वासावरून."

तो लाजला. बाई गं, किती छान लाजला!

नाव दीपेश, गंजाडला चिकूची वाडी. मी नवं बूच कोरलं. त्यावर होडीला लावतात ते रेझिन लावायचं, सुकू द्यायचं, पुन्हा लावायचं. त्यासाठी तो रोज संध्याकाळी चिंचणीला आमच्या अंगणात यायचा. खारा वारा, वाळत घातलेले बोंबील, आणि ब्रशवर वाकलेला तो... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"अजून एक हात लावूया?"

"पुरे. आता नाही बुडत ते."

"तरी... एक?"

शेवटी मीच म्हटलं, "रविवारी मला पाहायला येतायत. वसईहून."

ब्रश थांबला. "हो का... चांगलंय."

चांगलंय! डोंबल त्याचं! मी फ्लोट त्याच्या हातात कोंबला आणि बोंबलांच्या आड जाऊन रडले. एवढा आवडत होता मला तो, आणि मेल्याला बोलता येत नव्हतं.

रविवारी साडी नेसून फुगून बसले होते. इतक्यात कुंपणाशी भोंगा वाजला. पाहते तर जुनी, चकचकीत मोटार! दीपेशचे बाबा चिकूंची पाटी घेऊन उतरले.

"वसईवाले ना तुम्ही? दुपारी येणार होतात..." आमचे बाबा गोंधळले.

"आम्ही गंजाडचे. मुलगा म्हणाला, त्यांच्या आधी पोचायचं."

दीपेश मोटारीचं दार धरून उभा. इंजिन चालूच.

"बंद कर की," मी म्हटलं.

"नको... परत चालू नाही झाली तर? ऐक, निलम... मला तू हवीस. फ्लोट बुडाला असता ना, तरी ढकलत आणली असती गाडी. त्या दिवशी बोलायला हवं होतं मी."

माझे गाल तापले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी होकाराची मान डोलावली, तसे ते वसईला फोन लावायला आत गेले.

मी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. इंजिन थांबलं. समुद्राची गाज ऐकू यायला लागली.

"अगं—"

"राहू दे," मी म्हटलं. "आता कुठं जायचंय तुला? चल, चहा टाकते."